हरतालिकेच्या आधी

हॅरो, ४ जुलै २००४

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि माझा आवाज ऐकून ठेवून देते. म्हणून लिहिते आहे. लहानपणी तुझे निबंध मीच लिहून द्यायचे, तेव्हा माझं अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही.

साखरपुड्याच्या दिवशी हॉलच्या कार पार्कात तू मला जे बोललास ते इथे उगाळत बसत नाही. समरचं स्थळ आधी माझ्या तनूला सांगून आलं होतं हे खरं. तनूला इतक्यात लग्नच नको होतं हेही खरं. ते पुढे तुझ्या अक्षयाला गेलं आणि तिला मुलगा आवडला, याचा मला आनंदच झाला. मला जळायचंच असतं तर डबाभर लाडू वळून, शालू नेसून, गाड्या बदलत मी हाउन्सलोपर्यंत कशाला आले असते? घरी पंख्याखाली बसून आरामात जळले असते.

आता जे सांगायचं ते सांगते. अंगठ्या घातल्यावर अक्षया दिसेना म्हणून मी बायकांच्या टॉयलेटमध्ये गेले. पोरगी पैठणीसकट जमिनीवर बसली होती, पोट घट्ट धरून. ओकून ओकून डोळे लाल झाले होते. म्हणाली, "आत्या, डोन्ट टेल मम. माझा पोट खूप दुखतोय, दोन दिवस झाले." काय खाल्लंस विचारलं तर म्हणे लग्नात बारीक दिसायचं म्हणून ती नवी टूम चालू आहे: पोळी नाही, भात नाही, बटाटा नाही, साखर नाही. नुसती अंडी आणि पनीर. मग तिने मला हळूच सांगितलं की लघवी कोकसारखी काळपट होते. तिच्या जीपीने, नेहमीच्या डॉक्टरने, इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या, त्यांनी जास्तच झालं.

मी तशीच तुझ्याकडे आले आणि तुझ्या कानात म्हटलं, "दादा, हे अलकासारखं आहे." मोठ्याने म्हटलं नव्हतं. तुझा चेहरा मात्र सगळ्या हॉलने पाहिला.

अलका आपली धाकटी बहीण होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुझ्या घरात ते कधी उच्चारलं गेलेलं नाही. वहिनीला वाटतं तिला कावीळ झाली होती. अक्षयाला तर अशी कोणी होती हेच माहीत नाही. तुझ्या भिंतीवर आई-अण्णांचा फोटो आहे, त्यात अलकाच्या जागी फ्रेमची कड आहे.

अक्षयाला डॉक्टरकडे ने, दादा, आणि त्यांना सांग की माझी एक बहीण अशी अशी गेली. एवढंच मागते आहे.

तुझी,
सुनी


हॅरो, १८ जुलै

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. वर्गातही पहिल्या प्रश्नाला कोणी हात वर करत नाही, मी पुन्हा विचारते.

परीक्षा संपल्या आहेत. खालच्या वर्गाचा पुढच्या वर्षाचा बायॉलॉजीचा भाग आम्ही जुलैतच सुरू करतो, म्हणजे सप्टेंबरात पोरांनी सगळं धुऊन टाकलेलं असलं तरी निदान डाग शिल्लक राहतो. या आठवड्यात मी एन्झाइम्सची साखळी शिकवत होते. शरीरात एखादा पदार्थ एका झटक्यात तयार होत नाही, पायरीपायरीने होतो, आणि प्रत्येक पायरीला एक एन्झाइम नेमलेलं असतं. शेवटचा माल पुरेसा झाला की तोच पहिल्या एन्झाइमला सांगतो, आता बास.

तुला कळेल असं सांगते. आपल्याकडे होळीला आई पोळ्या लाटायची आणि काकू भाजायची. काकूचा हात मंद. एरवी चालून जायचं. पण पंगत बसली आणि आई भराभर लाटायला लागली की काकूजवळ कच्च्या पोळ्यांचा ढीग व्हायचा. काही घराण्यांत रक्ताचा लाल पदार्थ बनवणाऱ्या साखळीत एक एन्झाइम असं काकूसारखं असतं, अर्ध्या ताकदीचं. रोजच्या जेवणाखाण्यात ते निभावून नेतं. पण माणूस उपाशी राहिला, किंवा काही ठरावीक औषधं पोटात गेली, की लिव्हर पहिली पायरी जोरात चालवतं आणि अर्धा कच्चा माल साचतो. तो माल विषारी असतो. आधी पोटात कळा येतात. मग माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. मग हातापायांतली शक्ती जाते आणि शेवटी श्वासाची. पोर्फिरिया म्हणतात. साखरेने पहिली पायरी शांत होते, म्हणून उपचार सुरू होतो तो ग्लुकोजपासून.

मी हे फळ्यावर काढत होते आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मिस, मग त्या माणसाने फास्टिंग केलं तर?" माझ्या हातातला मार्कर तसाच राहिला.

अलकाचे सोळा सोमवार चालू होते, आठवतंय? चांगला नवरा मिळावा म्हणून. दिवसभर पाणीसुद्धा नाही, संध्याकाळी चिमूटभर काहीतरी. कळा यायला लागल्या तेव्हा आई म्हणाली, देव परीक्षा बघतोय, आणि तिने सोमवाराला शनिवार जोडून दिला. दुखणं वाढलं तसा उपास वाढवला. आपल्यासारख्या साबुदाण्यावर ताव मारणाऱ्यांची ती एकादशी नव्हती, त्या 'एकादशी अन् दुप्पट खाशी'ने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. अलका मनापासून उपाशी राहायची. डॉक्टरांनी लघवी बाटलीत मागितली होती आणि ती खिडकीत राहिली. दुपारपर्यंत उन्हात ती तांबडीलाल झाली. दवाखान्यात ती बाटली तूच घेऊन गेलास. डॉक्टर हसले आणि म्हणाले, पोरीने कुंकू कालवलंय, नाटकी आहे. मग ती भिंतीशी बोलायला लागली, मग त्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी तिला हात उचलता येईना.

अण्णांनी कावीळ सांगितलं ते माझ्यासाठी. घरात वेड आहे म्हटलं असतं तर सुनीला कोण पत्करणार, असं ते आईला म्हणाले, मी दाराआड होते. तेव्हा ते खोटं माझ्या लग्नासाठी बोललं गेलं आणि मी त्याच्यावरच उजवले गेले. म्हणून तुझ्यावर रागावण्याचा मला फारसा हक्क नाही, तरी रागावले आहे.

मी माझं रक्त तपासून घेतलं. आमची जीपी तरुण आहे, तिने माझ्यासमोर पुस्तक काढून वाचलं आणि लॅबला पाठवलं. माझ्यात ते नाही, म्हणून तनूमध्येही नाही. आईबापांपैकी एकाकडून हे उतरतं, निम्म्या मुलांत येतं, निम्म्यांत नाही. पुरुषांना बहुधा काही होतच नाही. जन्मभर ठणठणीत राहून ते मुलीला देऊन जातात.

तुला हे लिहिताना मला बरं वाटत नाही, दादा.

सुनी


हॅरो, २२ ऑगस्ट

दादा,

गुरुवारी रिझल्ट लागले. माझी पोरं चांगली पास झाली. पार्किन्सनपासून परागकणांपर्यंत सगळं लिहिलं असणार त्यांनी. मी पेढे वाटले आणि घरी येऊन तुझा नंबर लावला. वहिनी म्हणाली, "सुनीतीताई, प्लीज, आमच्या घरात शुभकार्य आहे."

मी स्वस्थ बसलेले नाही हे तुला कळायला हवं. अक्षयाच्या जीपीच्या दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनिस्ट गोड आवाजात म्हणाली, पेशंटबद्दल बोलता येणार नाही. मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, मी बोलते, तुम्ही ऐका. तिने 'मेसेज पास ऑन' करते म्हणून सांगितलं. मेसेज कुठवर पोचला देव जाणे.

अक्षयाच्या मोबाइलवर केला. तिने उचलला, हेही खूप. म्हणाली, "आत्या, बाबा म्हणाले तू असं सांगणार. तुला समर तनूसाठी हवा होता, आय गेट इट, पण प्लीज हे नको करू." इतक्या मऊपणे म्हणाली की मला शिवीसुद्धा परवडली असती.

मग तनू तिच्याकडे गेली. तिने इंटरनेटवरून माहितीचे कागद काढून नेले होते. दोघी लहानपणी एका ताटात जेवायच्या, तिचं तरी ऐकेल असं वाटलं. अक्षयाने कागद घेतले आणि तुला दाखवले. परवा तिने तनूला कळवलं: "आय आस्क्ड डॅड स्ट्रेट. ही सेड आपल्या फॅमिलीत असा कोणीच नव्हता."

कोणीच नव्हता.

दादा, तिने तुला सरळ विचारलं होतं. ती समोर उभी होती आणि तुला एक नाव घ्यायचं होतं.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. समर नोकरीसाठी इथे आलेला, आईवडील नागपूरचे, चार लोकांत बसणारे. मुलीच्या घराण्यात दोष आहे, एक बहीण भ्रमिष्ट होऊन गेली, असं कानावर गेलं तर काय होईल? लग्न मोडेल. मोडू दे ना. मोडलेलं लग्न घेऊन मुलगी तुझ्या घरी परत येईल, दार उघडायला तू असशील. अण्णांकडे तेवढंही शिल्लक राहिलं नव्हतं.

सुनी


हॅरो, १२ सप्टेंबर

दादा,

हे पत्र पोस्टावर न सोडता स्वतः घेऊन येणार आहे.

तनूने जे सांगितलं ते आधी लिहिते. समरची आई मीनलताई नागपूरहून आल्या आहेत आणि यंदा ब्रॅकनेलला त्याच्या फ्लॅटवर गणपती बसणार आहे. शुक्रवारी हरतालिका. होणारी सून म्हणून अक्षया तिथे पूजेला बसणार आणि निर्जळ उपास करणार. वहिनीने मंडळातल्या बायकांत अभिमानाने सांगितलंय, "इथे जन्मलेली आहे, पण पाण्याचा थेंब घेणार नाही." आणि शनिवारी गणपतीला अडचण नको म्हणून तिला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

आपल्याकडे घरोघरी बायका त्या गोळ्या घेतात. कार्य असलं की डब्यात गोळी आलीच. मीही माझ्या वास्तुशांतीला घेतली होती. ज्या माणसाच्या अंगात ते मंद एन्झाइम आहे त्याने ज्या गोळ्या टाळायच्या, त्यांच्या यादीत ही अगदी वर आहे. त्यावर उपास. त्याआधी भात-पोळी सोडलेले तीन महिने. अलकाच्या वेळी फक्त उपास होता, दादा.

मी तुला आता रोगाचं नावही घ्यायला सांगत नाही. लग्न मोडेल असं काही करू नकोस. फक्त गोळ्या बंद कर आणि शुक्रवारी सकाळी तिला साखर घालून दूध दे. बाप म्हणून हट्ट धर. सांग की माझ्या लेकीने उपाशी राहिलेलं मला चालत नाही. चार बायका हसतील, म्हणतील लाडावून ठेवलीय. हसू देत. पार्वतीने ते व्रत केलं तेव्हा तिचं लिव्हर धड होतं.

दुपारी येते.

सुनी


हॅरो, त्याच दिवशी

आले होते. बेल वाजवली. वरून विमानं जात होती, वाटलं ऐकू गेली नसेल, म्हणून पुन्हा वाजवली. मग वरच्या खिडकीतला जाळीचा पडदा हलला आणि मला तुझा हात दिसला. आपल्या घरात ती करंगळी फक्त तुझी वाकडी आहे.

पत्र दाराच्या टपालफटीतून आत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला. कोणीतरी ते लगेच उचललं, म्हणजे तू जिना उतरून आला होतास. दाराच्या त्या बाजूला तू होतास आणि तरी उघडलं नाहीस. मी मेट्रोपॉलिटन लाइनवर हॅरोपर्यंत बाहेर बघत बसून राहिले. समोरच्या बाईने मला टिश्यू दिला.

तू वाचलंस एवढी आशा आहे. वाचून तू गप्प बसणार नाहीस. अलकाला दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षात तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं.


ब्रॅकनेलजवळच्या हॉस्पिटलात, सोमवार, २० सप्टेंबर

दादा,

तू कॉरिडॉरच्या त्या टोकाला बसला आहेस, मी या टोकाला. मधे कॉफीचं मशीन आहे. मी जवळ आले की तू उठून जातोस, म्हणून हे समरच्या हाती देते आहे.

काल सकाळी मला त्याचाच फोन आला. तुला न विचारता त्याने केला, त्याबद्दल त्याला बोलू नकोस. म्हणाला, "आत्या, सॉरी, तुमचा नंबर तनूकडून घेतला. अक्षया आरतीत कोलॅप्स झाली. आधी म्हणाले अपेंडिक्स, मग स्कॅनमध्ये काही नाही. आता ती सीलिंगवर माणसं दिसतात म्हणते. डॉक्टर पुन्हा पुन्हा फॅमिली हिस्टरी विचारतायत. काका म्हणतात काहीच नाही." मग म्हणाला, "काका रडत होते, पण म्हणाले काहीच नाही."

मी आले. अक्षयाच्या पलंगाशी ती तरुण रजिस्ट्रार डॉक्टर उभी होती. मी तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं: माझ्या बहिणीचं नाव, वय, उपास, ती बाटली, इंजेक्शन, हात. कॉलेजमध्ये एवढी वर्षं शिकवते, पण इतकं नीट कधी शिकवलं नसेल. ती एकदाही हसली नाही. तिने लगेच लघवी लॅबला पाठवली, चालू असलेली दोन औषधं थांबवली आणि ग्लुकोज लावलं. तासाभरात येऊन म्हणाली, तुमचं बरोबर आहे. खास औषध दुसऱ्या हॉस्पिटलमधून मागवलंय, ते आज आलं आणि सुरू झालंय.

बरोबर असल्याचा मला आयुष्यात एवढा तिटकारा कधी आला नव्हता.

मीनलताई माझ्याशेजारी बसल्या आहेत. त्यांना आता सगळं माहीत आहे, मीच सांगितलं. बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "लग्नाचं मी आज काही बोलत नाही जी. पण मला सांगितलं असतं तर त्या दिवशी मीच तिला भात कालवून भरवला असता." वहिनी ते ऐकत होती. ती तुझ्याकडे बघत नाहीये हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आता नीट वाच. सकाळपासून अक्षयाला पेला धरता येत नाही. दंडही उचलत नाहीत. रजिस्ट्रार म्हणाली, औषध उशिरा सुरू झालं, ते काम करेल अशी आशा आहे, पण श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत. चार वाजता तिला झोपवून घशात नळी घालणार आहेत. किती दिवस, कोणी सांगत नाही. आठवडे लागतात म्हणाली. नळी असेपर्यंत तिला बोलता येणार नाही. त्यापुढचं मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आत्ता ती जागी आहे आणि पूर्ण भानावर आहे. काल मी डॉक्टरांशी बोलले ते तिने झोपेत असल्यासारखं पडून सगळं ऐकलं होतं. मघाशी मी तिचे केस मागे करत होते, तेव्हा मला म्हणाली, "आत्या, अलका कोण?"

मी तिला सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, काचेतून तुझ्याकडे बघत होती.

सव्वातीन झाले आहेत. आत जा, दादा.

सुनी